शेवटची दोन वाक्यं

वरदा दातार माझी कॉव्हेंट्रीतली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिच्याबद्दल लिहायचं तर आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर दीड वर्ष रागावले होते आणि आता रागावलेली नाही. मी तिला माफ केलं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. डब्यातली साखर संपते तसा राग संपला, इतकंच.

वरदा मूळची पुण्याची. तिचे वडील चिंचवडच्या ज्या कारखान्यात होते तिथे जपानी इंजिनिअर यायचे. त्यांच्याशी बोलायला माणूस मिळेना म्हणून वडिलांनी मुलीलाच जपानीच्या क्लासला घातलं. ती शिकली, आणि चांगलीच शिकली. विसाव्या वर्षी ती हेल्मेट घालून मशीनच्या घरघराटात उभी राहायची, एका कानाने जपानी ऐकायची आणि तोंडाने मराठी बोलायची. मग लग्न झालं. नवरा गिरीश भूलतज्ज्ञ. हॉस्पिटलच्या नोकरीसाठी तो इथे इंग्लंडमध्ये आला, त्याच्यामागे ही आली आणि जपानी बासनात गुंडाळून ठेवलं गेलं. भांडी घासताना ती पुटपुटायची. मला वाटायचं स्तोत्र म्हणते आहे. एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, कालच्या बातम्या जपानीत सांगत होते. कुणाला सांगणार? नळाला."

नव्व्याण्णव साली हागुरुमा कॉव्हेंट्रीत आली. हागुरुमा ही कोबे शहरातली व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी. युरोपातलं काम युरोपातच करून घ्यावं म्हणून त्यांनी इथे एका जुन्या घड्याळांच्या कारखान्यात स्टुडिओ थाटला. साठेक माणसं, त्यातली बहुतेक इंग्रज पोरं, आणि वर तीन जपानी साहेब. थोरले साहेब निशिगाकी-सान. त्यांना इंग्रजी वाचलेलं कळायचं, थोडं ऐकलेलंही कळायचं, पण बोलायचं म्हटलं की त्यांचा घसा बसायचा. त्यांना दुभाषा हवा होता. लायब्ररीत जाहिरात मीच वाचली आणि मीच कापून तिला नेऊन दिली. मी कौन्सिलच्या लायब्ररीत आहे, जाहिराती कापायला आम्हाला वेळ असतो.

वरदाच्या कामाची एक रीत होती, आणि पुढचं सगळं त्या रीतीपाशी येऊन अडतं, म्हणून ती सांगते. दुभाष्याने 'ते म्हणतात' असं कधी म्हणायचं नाही. साहेब 'मी' म्हणाले की आपणही 'मी'च म्हणायचं. आपलं म्हणून काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, चेहऱ्यावर काही आणायचं नाही. पुण्याच्या बाईंनी हे तिला छडी मारल्यासारखं शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात निशिगाकी-सान मीटिंगमध्ये गप्पा मारता मारता म्हणाले की इथला ब्रेड माझ्या बायकोला आवडत नाही. वरदाने गंभीर चेहऱ्याने साठ इंग्रजांना सांगितलं, माझ्या बायकोला इथला ब्रेड आवडत नाही. सगळे हसले. ही हसली नाही. गिरीशने ते वर्षभर पुरवलं. कुणी घरी आलं की म्हणायचा, "हिला एक बायको आहे, आणि ती फार चोखंदळ आहे."

त्यांचा पहिला खेळ दोन हजार एकमध्ये आला. कंदील घेतलेला एक कोल्हा बेटाबेटांवर पत्रं पोचवतो, एवढीच गोष्ट. मला त्यातलं काही कळलं नाही, पण जगाला कळलं. आमच्या लायब्ररीत त्याच्या चार डिस्क होत्या आणि चारीही कायम बाहेर. खेळ संपला की शेवटी नावं वर सरकत जायची, त्यात वरदाचं नाव होतं. ते बघायला आम्ही दोन्ही कुटुंबं आमच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. तिचं नाव आलं आणि गेलं. ती म्हणाली, "स्पेलिंग बरोबर आहे." बस्स, पण त्या दिवशी तिने स्वतः श्रीखंड केलं होतं.

अंबरीश माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर होता आणि गेम म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी वरदाला त्याचा सीव्ही दिला, वरदाने तो निशिगाकी-सानना दिला, आणि दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात तो वर्क परमिटवर इथे येऊन दाखल झाला. पहिले सहा महिने आमच्याकडेच राहिला. जेवणाच्या सुट्टीत वरदा त्याला जपानी शिकवायची. तो पिवळ्या चिठ्ठ्या आणून आमच्या फ्रिजवर चिकटवायचा. त्यातली एक मला अजून आठवते, कारण ती घरात सगळ्यांच्या तोंडी बसली होती. 'इजोऽ. म्हणजे एवढंच. मीटिंग संपली, उठा.' जेवण झालं की तो ताट उचलायचा, मान झुकवून "इजोऽ" म्हणायचा आणि आम्ही सगळे उठायचो. माझा नवरा शशिकांत, जो आयुष्यात स्वतःचं ताट उचलत नव्हता, तोसुद्धा उठायला लागला.

दुसरा खेळ बरा चालला. तिसरा चालूच राहिला, म्हणजे बाहेर आलाच नाही. बाजारात खेळ खेळायची नवीन मशीनं आली, त्यांच्यासाठी सगळं नव्याने काढावं लागलं, कोबेचे लोक म्हणायचे कोल्हा अजून गोंडस करा, इथले म्हणायचे कोल्हाच नको. वरदा दिवसभर दोन्ही बाजूंचं भांडण स्वतःच्या तोंडाने भांडायची. सकाळी 'मला हे मान्य नाही' आणि त्यावर 'माझंही ऐका', दोन्ही तीच. संध्याकाळी घरी आल्यावर गिरीशने चहा घेतेस का विचारलं तरी तिला उत्तर द्यायला वेळ लागायचा. आमच्या लायब्ररीतल्या चारपैकी तीन डिस्क शेल्फवर राहू लागल्या. पुढे मीच त्यांच्यावर 'काढून टाकले' असा शिक्का मारला आणि पन्नास पेन्सच्या टोपलीत ठेवल्या.

अंबरीशचं लग्न झालं, शाल्मली इथे आली, तिला एका नर्सरीत काम मिळालं. आता सगळ्यांचे डोळे एका तारखेकडे होते. त्या वेळी वर्क परमिटवर चार वर्षं झाली की इथे कायमचं राहता यायचं. त्याची चार वर्षं भरायला सहा महिने राहिले होते तेव्हा सरकारने चाराची पाच केली. म्हणजे दोन हजार सातचा ऑक्टोबर. परमिट कंपनीच्या नावाचं असतं. कंपनी गेली की परमिट गेलं. त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत हागुरुमा टिकणं किंवा त्याआधी दुसऱ्या कंपनीचं परमिट मिळणं, यातलं एक काहीतरी व्हायला हवं होतं. त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि त्याच्यामुळे माझाही.

जूनमधल्या एका गुरुवारी कोबेहून फोन आला. खोलीत निशिगाकी-सान, इंग्रज मॅनेजर ग्रॅहम आणि मधे वरदा. फोनवरचा माणूस म्हणाला की मी कॉव्हेंट्री बंद करतो आहे, पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना एकदम सांगायचं, तोपर्यंत या खोलीबाहेर शब्द जाता कामा नये. वरदाने ते ग्रॅहमला इंग्रजीत सांगितलं. मी कॉव्हेंट्री बंद करते आहे. मग एक कागद आला, त्यावर तिघांनी सह्या केल्या.

हे अर्थात मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला आहेत.

त्या रविवारी अंबरीशच्या खिशात पत्र होतं. गिल्डफर्डच्या एका स्टुडिओने त्याला नोकरी देऊ केली होती, परमिटचं काम तेच करणार होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. शाल्मलीचं म्हणणं, जाऊ नये, माझी नर्सरी इथे आहे, आणि आता चार महिन्यांसाठी परमिट कशाला हलवायचं, काही घोळ झाला तर? अंबरीशलाही हागुरुमा सोडवत नव्हती. पण ऑफिसात कुजबुज होती. एरवी दर महिन्याला येणारा कोबेचा पाहुणा दोन महिन्यांत आला नव्हता.

त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं. "वरदाकाकू, तुम्ही प्रत्येक मीटिंगमध्ये असता. मी इथेच राहू ना? एवढंच सांगा."

वरदाने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "शैला, कोशिंबीर दे जरा इकडे."

मी दिली. तिने वाढून घेतली. गिरीशने क्रिकेटचा विषय काढला. थोड्या वेळाने अंबरीशही क्रिकेटवर बोलायला लागला. जेवण झाल्यावर त्याने "इजोऽ" म्हटलं आणि सगळे उठले.

घरी जाताना तो मला दारात म्हणाला, "काकू काही बोलल्या नाहीत, म्हणजे काही नाहीये. काही असतं तर त्यांनी निदान डोळ्याने सांगितलं असतं. आपल्याच आहेत." मी म्हटलं, हो रे, तसंच असणार. हे मी म्हटलं, हे मी लपवत नाही. आपलं माणूस गप्प बसलं की आपण सगळं ठीक आहे असं धरून चालतो. परका गप्प बसला असता तर आम्ही त्याला खोदून खोदून विचारलं असतं.

सोमवारी दुपारी त्याने गिल्डफर्डला नाही कळवलं.

शुक्रवारी सकाळी दहाला सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. निशिगाकी-सान राखाडी जंपर घालून उभे होते, शेजारी वरदा. ते एक वाक्य बोलायचे, ती एक वाक्य बोलायची. आज मला तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. मी हा स्टुडिओ बंद करते आहे. तुम्हा सर्वांच्या नोकऱ्या पुढच्या महिनाअखेरीस संपतील. तिची स्वतःची नोकरीही त्यातच होती. साठ जण निशिगाकी-सानकडे बघत नव्हते, वरदाकडे बघत होते. टेस्टिंगमधल्या एका पोरीने तिलाच विचारलं, "तू असं कसं करू शकतेस?" वरदाने त्याचं जपानी केलं आणि साहेबांना ऐकवलं.

शेवटी निशिगाकी-सान कमरेत वाकले, खूप खाली, आणि तसेच राहिले. वाकलेल्या अवस्थेतच काहीतरी बोलले. वरदा क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "मला फार वाईट वाटतं. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

काही जण रडले. इतका मोठा साहेब साठ पोरांपुढे वाकून असं म्हणतो याचं इंग्रजांना अप्रूप वाटलं. गावच्या पेपरात त्यांचा वाकलेला फोटो आला, खाली तीच दोन वाक्यं. कामावरून काढलेल्या माणसांनी काढणाऱ्याला कार्डं पाठवली. हा देश मला वीस वर्षांत कळलेला नाही.

अंबरीशने दहा-बारा ठिकाणी अर्ज केले. गिल्डफर्डची जागा भरली होती. बाकीच्यांना परमिटची कटकट नको होती. सप्टेंबरमध्ये, म्हणजे तारखेच्या एक महिना आधी, दोघं पुण्याला परत गेले. मी विमानतळावर गेले होते. त्याने मला नमस्कार केला, शाल्मलीने केला, मी ट्रॉली परत नेऊन ठेवली. गाडीत बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. कॉव्हेंट्रीपर्यंत मी डाव्या लेनमधून साठच्या वेगाने आले.

वरदाला आठ दिवस आधीपासून माहीत होतं, हे मला ग्रॅहमकडून कळलं. तो लायब्ररीत नोकरीच्या जाहिराती बघायला यायचा. बोलता बोलता म्हणाला की बिचाऱ्या वरदाला आठवडाभर ते पोटात ठेवावं लागलं. मी तिथूनच तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं. मी कोटही काढला नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"माझ्या घरी बसून, माझ्या हातचं खाऊन, तू मिठाची गुळणी धरून बसलीस? पोराने तोंड उघडून विचारलं होतं गं तुला!"

"सही केली होती मी."

"सह्या मीही करते कौन्सिलच्या कागदांवर. म्हणून शेजारचं घर जळताना बघत बसेन का?"

ती म्हणाली, "सही नसती तरी सांगितलं नसतं बहुतेक. जे माझ्या तोंडून जातं ते माझं नसतं, शैला. मला तसंच शिकवलंय. एकदा त्यातलं एक काढून कुणाला दिलं की मग मी कोण?"

मी म्हटलं, "तू कुणीच नाहीस," आणि निघून आले. हे वाक्य मी बोलले याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. आता काही वाटत नाही.

मग दीड वर्ष आम्ही बोललो नाही. कॉव्हेंट्रीत मराठी घरं किती, त्यात न बोलणं सोपं नाही. गणपतीला ती आरतीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. ती हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर लागली. आउटपेशंटचे लोक बसतात तिथे. नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, बसा म्हणायचं. गिरीश शशिकांतला सांगायचा की ती भांडी घासताना आता गप्प असते.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत कॉव्हेंट्रीत बर्फ पडला आणि बस बंद झाल्या. मी लायब्ररीतून चालत निघाले, ती हॉस्पिटलमधून चालत निघाली होती, आणि माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आम्ही समोरासमोर आलो. तिच्या पायात ऑफिसचे पातळ बूट होते. मी म्हटलं, "आत ये, मोजे बदल." ती आली. मी चहा टाकला. माझे मोजे तिला मोठे होत होते.

तिने कप हातात धरला आणि विचारल्याशिवायच बोलायला लागली. "पेपरात ती दोन वाक्यं आली होती ना, ती साहेबांची नव्हती. साहेब तसं काही बोललेच नव्हते. ती माझी होती. अंबरीश समोर तिसऱ्या रांगेत बसला होता. माझ्या तोंडून निघून गेलं."

मी बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"आठ वर्षांत एकदाच. नंतर साहेबांना कार्डं आली, ती मीच त्यांना वाचून दाखवली. तुम्ही इतक्या मोठ्या मनाने माफी मागितलीत वगैरे. त्यांनी पेपरचं कात्रण बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, कात्रणाची घडी घातली आणि खिशात ठेवली. काही विचारलं नाही." तिने कप खाली ठेवला. "शैला, मी त्याची माफी मागितली होती गं. फक्त ती माझी आहे हे त्याला कधी कळलं नाही."

ती गेल्यावर मी बराच वेळ तिने काढून ठेवलेल्या ओल्या मोज्यांकडे बघत बसले. मला वाटलं, हे अंबरीशला कळायला हवं. कंपनी बंद पडली, परमिट गेलं, त्याला काही इलाज नाही, पण निदान ही गाठ तरी सुटेल. वरदा माझी मैत्रीण, तो माझा भाचा, मधे मी. सांगायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी पुण्यात संध्याकाळ झालेली बघून फोन केला. तो आता हिंजवडीत एका बँकेचं सॉफ्टवेअर बघतो. गेम खेळतही नाही, असं शाल्मली सांगते.

मी सगळं सांगितलं. वरदाने सांगितलं तसंच, काही घातलं नाही, काही गाळलं नाही. तो ऐकत होता. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"माहीत आहे मावशी," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तो वाकून काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. 'इजोऽ' म्हणाला. एवढंच. तो एक शब्द तर मला येत होताच."

फ्रिजवरची पिवळी चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर आली. ती कुणी आणि कधी काढली ते आठवेना.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं की ती तुझी माफी मागते आहे?"

"हो. आणि म्हणूनच कळलं की तिला आधीपासून माहीत होतं." त्याचा आवाज चढला नाही की उतरला नाही. "ती गप्प बसली असती ना मावशी, तर मी आयुष्यभर समजलो असतो की तिलाही त्याच सकाळी कळलं. मी तिला भेटून निघालो असतो. पाया पडलो असतो."

मी विचारलं, "तिला सांगू का, तुला माहीत आहे म्हणून?"

"नको," तो म्हणाला. मग शाल्मलीने हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मी वरदाला आणि गिरीशला जेवायला बोलावलं. दीड वर्षाने ती तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली. दोन घास खाल्ले आणि खाली बघतच विचारलं, "अंबरीशशी बोललीस का? काही म्हणाला?"

शशिकांत माझ्याकडे बघत होता. त्याला मी सगळं सांगितलं होतं.

मी म्हटलं, "बरा आहे तो. कोशिंबीर घे."